नाव, पत्ता आणि यादी : स्कँडिनेव्हियातल्या पहिल्या समलिंगी संघटना

आज आपण डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या तीन देशांतल्या समलिंगी लोकांच्या सुरुवातीच्या संघटनांविषयी बोलणार आहोत. काळ साधारण १९४८ ते १९७२ असा धरू.

कोणतीही संस्था काढायची म्हटलं की तीन गोष्टी आधी लागतात : नाव, पत्ता आणि सभासदांची यादी. भजनी मंडळ काढा नाहीतर पतपेढी, यातून सुटका नाही. अडचण अशी, की आज आपण ज्या माणसांबद्दल बोलतोय त्यांना याच तीन गोष्टी सगळ्यात धोक्याच्या होत्या. नाव कळलं की नोकरी जाणार. पत्ता कळला की घरमालक बाहेर काढणार. आणि यादी पोलिसांच्या हाती लागली तर? तरीही या लोकांनी संघटना उभ्या केल्या. त्या कशा, हा आजचा विषय.

आधी कायद्याचं पाहू. डेन्मार्कमध्ये १९३० साली नवा फौजदारी कायदा झाला आणि तो १९३३ पासून लागू झाला. त्यानंतर दोन प्रौढ पुरुषांचे संबंध हा गुन्हा राहिला नाही. स्वीडनमध्ये हेच १९४४ साली झालं. मग प्रश्न मिटला, असं आपल्याला वाटेल. पण दोन्ही देशांत संमतीचं वय वेगळं ठेवलं होतं : स्त्री-पुरुष संबंधांसाठी १५, समलिंगी संबंधांसाठी १८. स्वीडनमध्ये समलिंगी असणं हा अधिकृत यादीतला आजार होता, आणि तो १९७९ पर्यंत त्या यादीत राहिला. म्हणजे गुन्हेगाराचा शिक्का गेला, रोग्याचा बसला. शेजारी, साहेब, घरचे लोक यांची नजर काही कायदा बदलला म्हणून बदलत नाही. संघटनेची गरज इथून सुरू होते.

सुरुवात राजधानीत झाली नाही, हे लक्षात घ्या. डेन्मार्कच्या उत्तरेला ऑल्बोर्ग नावाचं शहर आहे. तिथे २३ जून १९४८ या दिवशी अक्सेल लुंडाल मॅडसन या तरुणाने काही मित्रांना घेऊन संघटना काढली. पुढे तिचं नाव झालं 'फोर्बुन्देट आफ १९४८', म्हणजे '१९४८ चा संघ'. २३ जूनच्या संध्याकाळी डेन्मार्कभर होळ्या पेटवून उन्हाळ्याचा सण साजरा होतो. त्या दिवशी चार मित्र एकत्र जमले तर कुणाला काही वाटू नये, असा तो दिवस.

आता नावाकडे पाहा. '१९४८ चा संघ' या नावातून काही कळतं का? काहीच नाही. फक्त साल. टपालवाल्याला किंवा शेजाऱ्याला तो एखाद्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ वाटावा. नॉर्वेच्या संघटनेनेही पुढे तेच साल नावात ठेवलं. स्वीडनच्या संघटनेच्या तेव्हाच्या नावाचा अर्थ 'लैंगिक समान हक्कांसाठीचा राष्ट्रीय संघ' असा होता. तिची आद्याक्षरं आरएफएसएल. त्यातही समलिंगी हा शब्द कुठे नव्हता.

पत्त्याचं काय केलं? जमेल तिथे घराच्या पत्त्याऐवजी टपालपेटीचा क्रमांक द्यायचा. आणि १९४९ पासून डेन्मार्कमधून 'वेनेन', म्हणजे 'मित्र', नावाचं मासिक निघू लागलं. एखाद्या लहान गावात आपल्यासारखा आपण एकटाच आहोत असं समजून जगणाऱ्या माणसाच्या हाती हे मासिक पडणं म्हणजे काय, याची कल्पना करा. तिसरी गोष्ट यादी. तिथे खरी नावं टाळली जात. अनेक सभासद टोपणनावानेच ओळखले जात. वर्षानुवर्षं एकत्र नाचलेल्या, जेवलेल्या माणसांना एकमेकांचं खरं आडनाव माहीत नसे.

ही युक्ती चालली. १९५१ पर्यंत डॅनिश संघाचे सभासद तेराशेच्या वर गेले होते. १९५० साली ओस्लोत नॉर्वेची शाखा निघाली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला लागून असलेल्या सोल्ना गावी, आलान हेलमन यांनी पुढाकार घेऊन तिथली शाखा काढली. दोन्ही शाखा लवकरच स्वतंत्र झाल्या. स्वीडनमधली वेळ फार वाईट होती. तेव्हा वृत्तपत्रांत समलिंगी लोकांच्या गुप्त टोळ्यांच्या बातम्या गाजत होत्या, आणि त्यात थेट राजघराण्याचंही नाव ओढलं गेलं होतं. अशा वातावरणात हेलमन १९५१ मध्ये स्वतःच्या नावानिशी एका साप्ताहिकात बोलले. हे धाडस किती मोठं होतं, ते अक्सेलचं काय झालं यावरून कळेल. संघटनेशी असलेलं त्याचं नातं उघड झालं आणि त्याची नोकरी गेली.

मोठा फटका १९५५ साली बसला. अक्सेल आणि त्याचा जोडीदार एगिल कोपनहेगनमधून पुरुषांच्या नग्न छायाचित्रांचा टपाली व्यवसाय करत. पोलिसांनी दोघांना पकडलं, अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांना तुरुंगवास झाला. परिणाम फक्त त्या दोघांवर झाला नाही. पुढची पाळी आपली असेल, या भीतीने संघाचे सभासद भराभर गळाले. १९६१ साली डेन्मार्कने आणखी एक कायदा केला : २१ वर्षांखालच्या व्यक्तीला पैसे देऊन समलिंगी संबंध ठेवणारा गुन्हेगार. लोक त्याला 'कुरूप कायदा' म्हणू लागले. तो १९६५ मध्ये रद्द झाला.

नॉर्वेची गोष्ट उलटी आहे. तिथे संघटना आधी आली आणि कायदा नंतर बदलला. १९०२ च्या दंडसंहितेतलं कलम २१३ पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवत होतं. ते क्वचित वापरलं जाई, पण डोक्यावर टांगलेलं होतं. १९६६ मध्ये किम फ्रीले ही बाई संघटनेची अध्यक्ष झाली. तिने टोपणनावांचा पडदा बाजूला सारला, उघडपणे बोलू लागली, आमदार-खासदारांच्या दारी गेली. १९७२ मध्ये ते कलम गेलं.

इथे एक प्रश्न विचारला जातो : मग आधीची वीस वर्षं लपण्यात वाया गेली का? १९७० नंतरच्या तरुणांना तसं वाटत होतं. १९७१ मध्ये स्वीडनमधल्या ओरेब्रो या मध्यम आकाराच्या शहरात समलिंगी लोकांचा पहिला जाहीर मोर्चा निघाला. हीही राजधानी नव्हे. त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये एक मुक्ती आघाडी उभी राहिली, आणि तिने शिवी म्हणून वापरला जाणारा शब्दच अभिमानाने नावात घेतला. आम्हाला मात्र वाटतं की या दोन पिढ्यांना समोरासमोर उभं करणं बरोबर नाही. मोर्चा काढायला आधी माणसं एकमेकांना सापडावी लागतात. ती सापडवण्याचं काम त्या मुक्या नावांनी आणि टपालपेट्यांनी केलं होतं.

शेवटी अक्सेल आणि एगिलकडे येऊ. त्या दोघांनी आपल्या नावांचे तुकडे जोडून एक आडनाव तयार केलं, 'अक्सगिल', आणि ते आयुष्यभर लावलं. १ ऑक्टोबर १९८९ या दिवशी डेन्मार्कने समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीचा कायदा लागू केला; असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. त्या दिवशी कोपनहेगनच्या नगरभवनात अकरा जोडप्यांची नोंद झाली, त्यात हे दोघे होते. त्यांच्या एकत्र राहण्याला तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षं होत आली होती. ज्या यादीला ते इतकी वर्षं जपत होते, घाबरत होते, तशाच एका यादीत, सरकारी दप्तरात, त्यांनी आपलं खरं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं.

प्रश्न असतील तर आता घेऊ.