पाण्यातला दिवा, भिंतीवरची कळ

व्यापारी माणूस दुकान बंद करीत नाही, ‘वाढवतो’. घरातला दिवा विझवीत नाही, ‘मालवतो’. मात्र पनवेलच्या फार्महाऊसवर शनिवारी रात्री लावलेला तरणतलावातला दिवा मालवायचा पुष्कळदा राहूनच जातो. मालकांना वाटते रखवालदार बघेल. रखवालदाराला वाटते मालकांनी मुद्दाम ठेवला असेल. सकाळी पाण्यावर पाखरांचा थर तरंगत असतो आणि लांब दांड्याच्या जाळीने तो उपसण्याचे काम चाललेले असते.

पनवेलच्या बाहेर नेऱ्याच्या व कर्नाळ्याच्या अंगाला डोंगर, झाडी आणि ओढे आहेत. कर्नाळ्याला १९६८ साली पक्षी अभयारण्य झाले. अशा भागात कीटकसृष्टी विपुल असणारच. पहिल्या पावसानंतर वारुळांतून पंखवाल्या वाळव्या बाहेर पडतात त्या थेट उजेडाकडे. पांढऱ्या-निळसर प्रकाशाकडे कीटक अधिक ओढले जातात, पिवळसर प्रकाशाकडे तुलनेने कमी. दिवाच पाण्यात असला की आलेल्या जीवाला परतीची वाट उरत नाही. तलाव बांधावा की नाही, हा अप्कायाचा प्रश्न ज्याने त्याने गुरुमहाराजांपाशी बसून सोडवावा. परंतु तलाव झाल्यानंतर, कोणी पोहत नसताना रात्रभर जळणारा दिवा हा सरळसरळ अनर्थदंड होय.

यावर उपाय म्हणून अलीकडे स्मार्ट स्विच बसवला जातो. मोबाइलवरून दिवा लावता येतो, या गोष्टीचे पाहुण्यांना कौतुक असते. खरा उपयोग तो नव्हे. ठरल्या वेळी दिवा आपोआप मालवला जातो, हा खरा उपयोग. शिवाय ही कळ सूर्यास्ताशीही जोडता येते. मुंबई-पनवेलकडे जुलैच्या आरंभी सूर्यास्त सायंकाळी सव्वासातच्या पुढे होतो, तर नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास. चोविहारासाठी भिंतीवर पच्चक्खाणाचे कोष्टक टांगणाऱ्या घरांना हा फरक तोंडपाठ असतो. ॲपमध्ये ठिकाण पनवेल नोंदवले की तोच हिशेब यंत्र रोज करते. ‘सूर्यास्तानंतर लाव, नऊला मालव’ एवढे सांगितले की पुरे.

येथवर सारे सोपे. पुढचा भाग जिवाशी गाठ असलेला आहे. २०२३च्या डिसेंबरअखेर बंगळुरूच्या वर्तूर भागातील एका निवासी संकुलात तरणतलावापाशी नऊ वर्षांच्या मुलीचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला आणि पुढे पोलिसांनी संकुलाच्या व्यवस्थापनाशी संबंधित सात जणांना अटक केली. ओल्या अंगाचा विद्युतरोध फार कमी असतो. कोरड्या हाताला नुसता झटका देणारी वीज पाण्यात प्राण घेते. म्हणूनच पाण्यातल्या दिव्याला २३० व्होल्टची घरगुती वीज थेट देत नाहीत. सुरक्षा ट्रान्सफॉर्मरमधून १२ व्होल्टवर उतरवून देतात. आंतरराष्ट्रीय आयईसी ६०३६४ या प्रमाणकाचा ७०२ वा भाग तरणतलावांसाठीच आहे. त्यात तलावाच्या काठापासून २ मीटरचा एक पट्टा व त्यापुढे दीड मीटरचा दुसरा पट्टा आखला आहे. ट्रान्सफॉर्मर आणि स्मार्ट स्विच या दोन्ही पट्ट्यांच्या बाहेर, म्हणजे पंपाच्या खोलीतील पेटीत असलेले उत्तम. बाजारातला नेहमीचा स्मार्ट स्विच २३० व्होल्टवर चालतो. त्यामुळे तो ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे बसतो, दिव्याच्या बाजूला नव्हे. आणि या साऱ्यांच्या आधी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी हवाच. पैसे वाचवायचेच असतील तर रंगीत दिव्यांत वाचवावेत, आरसीसीबीत नव्हे.

जुन्या बंगल्यांत एक अडचण हमखास निघते. खटक्याच्या पेटीत फेज असतो, दिव्याकडे जाणारी तार असते, न्यूट्रल नसतो. न्यूट्रलशिवाय चालणारे स्विच मिळतात. पण ते बंद असतानाही दिव्यातून किंचित प्रवाह सोडतात आणि ट्रान्सफॉर्मरवरच्या एलईडीला ते मानवत नाहीत. न्यूट्रल ओढून घ्यावा, तोही त्याच आरसीसीबीवरून. दुसऱ्या सर्किटचा जोडला तर आरसीसीबी वारंवार पडेल. हे काम परवानाधारक वायरमनचेच. लोखंडी पेटीत वायफायचा संदेश अडतो, याची कल्पना त्याला आधी द्यावी.

जोडणीनंतर दोन गोष्टी पाहाव्यात. वीज जाऊन परत आली की कळ कोणत्या स्थितीत येते? पावसाळ्यात वीज जाणे नवे नाही. रात्री तीनला ती आली आणि दिवा आपोआप लागला, तर सारा खटाटोप वाया. ॲपमध्ये ही स्थिती ‘बंद’ अशीच ठेवावी. दुसरी गोष्ट, तलाव धुण्यासाठी रिकामा केला की एमसीबी खाली पाडावा. पाण्यातले बरेच दिवे पाण्यानेच थंड राहतात. कोरड्यात लागले तर तापून खराब होतात. शिवाय आत माणूस उतरलेला असताना मोबाइलवरच्या ‘बंद’वर विसंबणे हा शुद्ध अविचार आहे.

हिशेबही पाहू. १८ वॅटचे ४ एलईडी दिवे रोज १२ तास जळले तर वर्षाला सुमारे ३१५ युनिट होतात. शनिवार-रविवारी दोन-दोन तास लावले तर १५. व्यापारी घराला ही बचत फार मोठी वाटणार नाही. पूर्वीचे ३०० वॅटचे हॅलोजन असते तर गोष्ट वेगळी होती. वाचतात ते मुख्यतः जीव. त्यांची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

भिंतीवरची साधी कळ मात्र काढू नये. मालक मुंबईत, इंटरनेट बंद आणि रखवालदाराच्या मोबाइलवर ॲप नाही, असे होतेच. त्याला हाताने दिवा मालवता आला पाहिजे, आणि तसे करण्याची मोकळीक आहे हे त्याला स्पष्ट सांगितलेले असले पाहिजे. आषाढ शुद्ध चतुर्दशीच्या आधी, चातुर्मास बसण्यापूर्वी, या दिव्यांचा एमसीबी पाडून ठेवावा. कार्तिकी पौर्णिमेनंतर तो उचलण्याआधी आरसीसीबीवरचे ‘टेस्ट’ बटण दाबून पाहावे. खटका लगेच पडला तर ठीक. नाही पडला तर वायरमन येईपर्यंत पाण्यात कोणीही उतरू नये.