काळ्या रानात पेटुनिया
पांढुर्णा-सौसर पट्ट्यातल्या काळ्या मातीत कापूस आणि संत्री पिकतात, मग सावरगावच्या अंगणात लोंबती पेटुनिया थेट जमिनीत का लावू नये? कारण ही माती ओली झाली की चिकटते, मुळांना हवा मिळत नाही. शिवाय ती बहुधा चुनखडीची. लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. संत्र्याच्या कोवळ्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतो, तेच लक्षण पेटुनियावर उमटते. तिला साधारण 5.5 ते 6 सामू मानवतो. म्हणून कोकोपीट, कुजलेले शेणखत आणि जाड वाळू भरलेली, तळाला भोके असलेली कुंडी बरी. कुंडी लवकर सुकते, हा आक्षेप खरा. पण इथे पेटुनिया हिवाळ्याचे फूल, तेव्हा ऊन सौम्य असते. मे महिन्यात तिला जगवण्याचा हट्ट नकोच.

वाफ्यातच हवी असेल तर वीतभर उंच गादीवाफा करावा. बी धुळीसारखे बारीक, उजेडात रुजणारे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरून वर माती टाकू नये. 1995 मध्ये गाजलेल्या ‘पर्पल वेव्ह’सारख्या पसरणाऱ्या वाणांची भूक मोठी, त्यांना पातळ विद्राव्य खत नियमित लागते. लांबलेले शेंडे खुडले की पानांच्या बेचक्यांतून नवे फुटवे येतात आणि कळ्या त्यांच्यावरच धरतात.