मतदाराच्या शंका आणि निवडणूक सुधारणांचा प्रवास

एकदा मत दिल्यानंतर पुढील पाच वर्षे आपल्या हाती काय उरते, हा प्रश्न भारतीय मतदार सातत्याने विचारीत आला आहे. उमेदवाराची पार्श्वभूमी ठाऊक नसेल, रिंगणातील कोणीच योग्य वाटत नसेल किंवा निवडणुकीत पैसा कोठून येतो हेच कळत नसेल, तर मताला अर्थ कसा लाभणार? या शंकांची अंशतः उत्तरे गेल्या दोन दशकांत मिळाली आहेत. त्यांतील बरीचशी न्यायालयाच्या मार्गाने आली, ही बाब लक्षणीय आहे.

माहितीचा हक्क

उमेदवाराविषयी माहिती मिळणे हा मतदाराच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी दिला. त्याला मर्यादा घालणारे लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम न्यायालयाने मार्च २००३ मध्ये रद्दबातल ठरविले. तेव्हापासून उमेदवाराला गुन्हेगारी प्रकरणे, मालमत्ता, देणी व शिक्षण यांविषयी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यातील रकाने कोरे ठेवता येणार नाहीत, हे २०१३ मध्ये स्पष्ट झाले. त्याच वर्षी दुसऱ्या एका निर्णयाने, दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्या आमदार-खासदारांना केवळ अपील दाखल करून पद राखण्याची सवलत संपुष्टात आली.

मात्र खटला प्रलंबित असणे ही अपात्रता नव्हे. दोष सिद्ध होण्यापूर्वी कोणाचा हक्क हिरावणे न्याय्य नाही. दुसरीकडे खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात. हा तिढा सोडविण्याची जबाबदारी न्यायालयाने २०१८ मध्ये संसदेवर सोपविली.

नकाराचा हक्क

सप्टेंबर २०१३ मधील निर्णयानंतर मतदानयंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आला. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात या पर्यायाला दुसऱ्या क्रमांकाची मते मिळाली. २०२४ मध्ये इंदूर लोकसभा मतदारसंघात प्रमुख विरोधी उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर २ लाख १८ हजार ६७४ मतदारांनी तो निवडला. तथापि, अशी मते कितीही असली तरी लोकसभा व विधानसभा निवडणुकीच्या निकालावर त्यांचा परिणाम होत नाही. सुरतेत त्याच वर्षी उमेदवार बिनविरोध निवडून आल्याने मतदानच झाले नाही. नकार नोंदविण्याची संधीही मतदाराला मिळाली नाही.

पैशाचा प्रश्न

२०२२ मध्ये मोठ्या राज्यांतील लोकसभा उमेदवारासाठी खर्चमर्यादा ९५ लाख रुपये ठरली. उमेदवारावर अशी मर्यादा असली, तरी राजकीय पक्षांच्या एकूण खर्चावर ती नाही. उमेदवाराच्या हिशेबाची विश्वासार्हता त्यामुळेच उणावते. २०१८ मध्ये लागू झालेल्या निवडणूक रोख्यांत देणगीदाराचे नाव मतदारापासून गुप्त राहत असे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनापीठाने ही योजना घटनाबाह्य ठरविली आणि पुढील महिन्यात रोख्यांचा तपशील जाहीर झाला.

उरलेली वाट

प्रतिनिधीला परत बोलावण्याचा प्रयोग काही राज्यांत स्थानिक पातळीवर झाला. २००८ मध्ये छत्तीसगडमधील काही नगराध्यक्षांना मतदारांनी पदावरून दूर केले. विशाल लोकसभा मतदारसंघात मात्र या तरतुदीमुळे अस्थैर्य वाढेल, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्याऐवजी पक्षांच्या खर्चाला मर्यादा, हिशेबांची स्वतंत्र तपासणी आणि लोकप्रतिनिधींवरील खटल्यांचा कालबद्ध निकाल हे उपाय अधिक साध्य आहेत. माहिती मिळविण्याचा हक्क मतदाराला लाभला आहे. त्या माहितीला परिणामाची जोड मिळेल, तेव्हाच उत्तरदायित्व पाच वर्षांतील एका दिवसापुरते उरणार नाही.