रंगाच्या शेडमध्ये अडकलेला ब्लॉक : लेखांक सहावा

गेल्या लेखांकात आपण पोलादाच्या प्लेटपासून ब्लॉकपर्यंत आलो. आता हे ब्लॉक, म्हणजे जहाजाचे वेगवेगळे बांधून मग जोडायचे मोठे तुकडे, कुठल्या क्रमाने बांधायचे, ते पाहू. जहाजाला उशीर का झाला, असं गोदीत विचारलं की माल वेळेवर आला नाही, वेल्डर कमी पडले, ही उत्तरं येतात. ती खरीही असतात. पण ब्लॉक ठेवायला जागाच नव्हती, हे कारण सहसा कुणी सांगत नाही.

समजा, सोमवारी सकाळी १४ नंबरच्या ब्लॉकचं वेल्डिंग पुरं झालं. आता त्याने रंगाच्या शेडमध्ये जायचं. पण तिथे ११ नंबरचा ब्लॉक वाळतोय. चार माणसं जास्त लावली म्हणून रंग लवकर वाळत नाही. त्यामुळे १४ नंबर जागचा हलत नाही, त्या जागेवर १७ नंबरचं तळाचं पॅनल मांडता येत नाही आणि आठ फिटर हत्यारं घेऊन नुसते उभे राहतात. भिंतीवरच्या गँट तक्त्यात मात्र तिन्ही ब्लॉकच्या पट्ट्या अगदी बरोबर असतात. तक्त्यात तारखा असतात, फरशीवर किती चौरस मीटर मोकळे आहेत हे नसतं.

ही अडचण येण्याआधीच दिसावी म्हणून अख्खी गोदी संगणकात चालवून पाहायची, याला सिम्युलेशन म्हणतात. त्यातलं घड्याळ आपल्यासारखं टिकटिकत नाही, ते एका घटनेवरून दुसरीवर उडी मारतं. ९:४० ला वेल्डिंग संपलं, १०:०५ ला क्रेन मोकळी झाली. मधल्या पंचवीस मिनिटांत काहीच बदललं नाही, तर संगणक ती सोडून देतो. म्हणून गोदीचे कित्येक महिने त्याला थोडक्या वेळात जगता येतात. या विचारातूनच १९६० च्या दशकात ओस्लोत दाल आणि नीगार्ड या संशोधकांनी ‘सिम्युला’ ही संगणकभाषा घडवली. आजची ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगची पद्धत तिच्यातून आली.

जहाजबांधणीत सिम्युलेशनचं काम नेटाने केलं ते जर्मनीच्या उत्तर टोकाला, डेन्मार्कच्या सीमेलगतच्या फ्लेन्सबुर्गमधल्या गोदीने. ही गोदी १८७२ सालची, रो-रो जहाजांसाठी प्रसिद्ध. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला जाणाऱ्यांना रो-रो म्हणजे काय ते सांगायला नको. मोटारीच्या कारखान्यात एकच गाडी हजारो वेळा बनते, तिथे कारखान्याचं संगणकातलं प्रतिरूप एकदा रचलं की बराच काळ पुरतं. गोदीत जवळजवळ दर जहाज वेगळं. म्हणून फ्लेन्सबुर्गच्या मंडळींनी डेल्फ्टच्या विद्यापीठाबरोबर तयार सुट्या भागांचा एक संचच केला: वेल्डिंगची जागा, क्रेन, साठवण, पाळ्या. नवं जहाज आलं की हेच भाग पुन्हा जोडायचे.

कुठला तुकडा कशात बसतो, वजन किती, वेल्डिंग किती मीटर, ही माहिती आराखड्याच्या संगणकात असतेच. ती थेट तिथून घेतली की नियोजनाचा मोठा भाग आपोआप मांडला जातो. मग क्रम शोधायचा. नुसत्या दहा ब्लॉकचे ३६,२८,८०० क्रम होतात! तळाचा आधी, वरचा नंतर, अशा सक्तीमुळे बरेचसे बाद होतात, तरी उरलेले माणसाच्या आवाक्याबाहेरचेच. संगणक एकेक क्रम घेऊन गोदी चालवतो, कुठे तुंबलं ते पाहतो, चांगल्या क्रमांतून पुढचे क्रम रचतो. वेल्डिंगला दर वेळी सारखाच वेळ लागत नाही, म्हणून एकच क्रम तो अनेकदा चालवतो. हाती एक तारीख येत नाही. कुठल्या तारखेची शक्यता किती, हे येतं. गिऱ्हाइकाला शब्द देताना हे जास्त प्रामाणिक आहे, असं मला वाटतं.

तरीही फ्लेन्सबुर्गच्या याच गोदीने आयरिश फेरीज कंपनीसाठी बांधलेलं ‘डब्ल्यू. बी. येट्स’ हे जहाज २०१८ च्या उन्हाळ्याऐवजी डिसेंबरात सुपूर्द झालं आणि हजारो प्रवाशांची आरक्षणं रद्द झाली. अडलं होतं ते मुख्यतः आतल्या सजावटीच्या कामात. एकाच खोलीत पाइपवाला, केबलवाला, सुतार आणि रंगारी येतात, त्यांतले बरेच बाहेरच्या कंत्राटदाराचे. याही कामाचं सिम्युलेशन करायला फ्लेन्सबुर्गने वायमारच्या विद्यापीठाची साथ घेतली होती. पण पोलादापेक्षा हे प्रकरण फार अवघड आहे.

आपल्याकडे माझगाव डॉकमध्ये निलगिरी वर्गाच्या फ्रिगेट युद्धनौका ब्लॉक जोडूनच बांधल्या गेल्या, आणि मुंबईत गोदीला जागा वाढवून मिळणं कठीण. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही. प्रत्येक ब्लॉक कुठल्या जागेवर किती तास उभा होता आणि कशासाठी, एवढी नोंद कुठल्याही गोदीला सॉफ्टवेअर न घेता उद्यापासून ठेवता येईल. ती ठेवल्याशिवाय प्रतिरूपात घालायला खरे आकडेच नसतात. आपल्या गोद्यांमधल्या अभियंत्यांनी ती सुरू करावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे.