करार जुना, पण रद्द नव्हे

जमिनीच्या व्यवहारात नवा करार झाला की जुना कागद निकामी होतो, असे आपण धरून चालतो. मराठी बायबलच्या दोन भागांची नावे ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ अशी आहेत. त्यामुळे मराठी वाचकाचा सहज समज होतो, की ख्रिस्त आला आणि ज्यूंचा करार संपला. ज्यू आणि ख्रिस्ती यांच्या संवादातली मुख्य अडचण हीच आहे.

मूळ हिब्रू शब्द आहे ‘बरीत’. देवाने अब्राहामाशी जोडलेले हे नाते. त्याची खूण म्हणजे मुलाची आठव्या दिवशी होणारी सुंता. कोकणातल्या बेने इस्रायलांकडे, म्हणजे आपल्या ‘शनिवार तेल्यां’कडे, पूर्वी ग्रंथ नव्हते, हिब्रूही विसरली होती. पण सुंता, शनिवारी बंद राहणारा घाणा आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. त्यांचा करार कागदावाचून टिकला होता.

१८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुले शिकू लागली. हेतू धर्मांतराचा होता, पण ख्रिस्ती झाले ते मोजकेच. उलट हाती आलेल्या हिब्रूने हा समाज आपल्याच धर्माशी अधिक घट्ट जोडला गेला. पुढे जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी ज्यू प्रार्थना मराठीत आणल्या आणि हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये समाजासाठी शाळा काढली. ज्याला संपलेला म्हणून पाहिले, तो करार जिवंत निघाला.

ख्रिस्ती धर्मशास्त्र हे कसे सामावून घेते? ‘नवा करार’ हे शब्दच मुळी ज्यू संदेष्टा यिर्मया याचे आहेत. त्याच्या ३१व्या अध्यायात हा करार इस्रायल आणि यहूदा यांच्याशीच व्हायचा आहे, आणि नियम तोच, फक्त हृदयावर लिहिलेला. ज्यू त्यात जुन्या नात्याचे नूतनीकरण पाहतात, ख्रिस्ती येशूमध्ये त्याची पूर्तता पाहतात. हा मतभेद खरा आहे आणि तो झाकून संवाद होत नाही. पण स्वतः ज्यू असलेला पौल रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात इतर राष्ट्रांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांना रानजैतुनाची फांदी म्हणतो. ती मूळ झाडावर कलम केली आहे. तिने मुळापुढे बढाई मारू नये. आंब्याचे कलम बांधणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. खुंट वाळला तर कलम जगत नाही.

तरीही देवाने ज्यूंना टाकले, असे चर्चमध्ये शतकानुशतके शिकवले गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात पौलाचाच आधार घेऊन ती शिकवण मोडीत काढली. येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सर्व ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर येत नाही, असे बजावले. २००० साली अमेरिकेतल्या ज्यू विद्वानांनी ‘दाब्रू एमेत’ या निवेदनात उत्तरादाखल हात पुढे केला. ज्यू आणि ख्रिस्ती एकाच देवाची उपासना करतात आणि एकाच ग्रंथाकडे प्रमाण म्हणून पाहतात, असे त्यांनी मांडले.

शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याला गेले की केडगाव जवळच आहे. तिथे पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या. १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल बाहेर पडले. त्या निष्ठावंत ख्रिस्ती होत्या, धर्मप्रसारकही होत्या. पण जुना करार समजून घ्यायला त्यांना ज्यूंच्या भाषेच्या उंबऱ्याशी बसावे लागले. त्याच काळात, १९२१ मध्ये, पुण्याच्या रास्ता पेठेत बेने इस्रायलांचे ‘सुक्काथ शेलोमो’ हे प्रार्थनामंदिर उभे राहिले.

केडगाव आणि पुणे एकाच रेल्वेमार्गावर आहेत. एका टोकाला मराठी ख्रिस्ती बाई आणि दुसऱ्या टोकाला मराठी ज्यू तोच ग्रंथ उघडून बसले होते. संवादाचा पाया आणखी कुठे शोधायचा? शेजाऱ्याचा करार अजून चालू आहे, एवढे मान्य केले की बोलणे सुरू होऊ शकते.