न्यायालयीन लघुलेखकाचे प्रशिक्षण : रूढ समज आणि वस्तुस्थिती

न्यायालयातील लघुलेखक साक्षीदाराच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द जसाच्या तसा टिपतो, हा समज मुख्यतः अमेरिकी चित्रपटांनी रुजवला आहे, आणि त्या देशापुरता तो बराचसा खराही आहे. तेथे स्टेनोटाइप नावाचे, अनेक कळा एकाच वेळी दाबून संपूर्ण अक्षरगट उमटवणारे यंत्र वापरले जाते आणि मान्यताप्राप्त व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी साक्षीचा मजकूर मिनिटाला २२५ शब्दांच्या वेगाने, किमान ९५ टक्के अचूकतेने उतरवून दाखवावा लागतो. महाराष्ट्रातील न्यायालयांची पद्धत मुळातच वेगळी आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६ नुसार सत्र न्यायालयातील साक्ष न्यायाधीशाने स्वतः लिहायची किंवा खुल्या न्यायालयात सांगून लिहवून घ्यायची असे. ती सामान्यतः निवेदनाच्या रूपात असावी आणि एखादा भाग प्रश्नोत्तरांच्या रूपात ठेवायचा की नाही, हे न्यायाधीशाने ठरवावे, अशी त्यात तरतूद होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ती रचना कायम ठेवली. म्हणजे वकिलाने "तुम्ही खोटं सांगताय ना?" असे विचारले आणि साक्षीदाराने नुसती मान हलवत "नाही साहेब" म्हटले, तरी नोंदीत उतरते ते "मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही" असे सलग वाक्य. हे रूपांतर न्यायाधीश करतात आणि लघुलेखक त्यांचे सांगणे टिपतो. त्यामुळे येथील शिक्षणाचा रोख साक्षीदाराच्या धावत्या बोलण्यावर नसून न्यायाधीशाच्या श्रुतलेखनावर असतो, आणि त्यातही सर्वांत मोठा वाटा साक्षीपेक्षा आदेश आणि निकालपत्रे यांचा असतो. खुल्या न्यायालयात निकाल संपूर्ण वाचून दिला जात असेल तर तो लघुलिपीत उतरवून घ्यावा आणि त्याच्या लिप्यंतराच्या प्रत्येक पानावर न्यायाधीशाने सही करावी, असे त्याच जुन्या संहितेचे कलम ३५३ सांगत असे. एखाद्या लेखनकौशल्याचा इतका स्पष्ट उल्लेख कायद्यात क्वचितच आढळतो.

दुसरा समज वेगाविषयीचा आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षांमध्ये लघुलेखनाचे टप्पे मिनिटाला ६०, ८०, १००, १२० शब्द असे चढत जातात, त्यामुळे हे सारे शिक्षण म्हणजे हात वेगाने चालवण्याचा सराव होय, असे उमेदवारांना आणि त्यांच्या पालकांनाही वाटते. प्रत्यक्षात उमेदवार अडखळतो तो लिहिताना नव्हे, लिहिलेले वाचताना. आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये मांडलेली आणि भारतातील इंग्रजी लघुलेखनात आजही शिकवली जाणारी पद्धत वर्णांवर नव्हे, तर ध्वनींवर उभी आहे. तिच्यात 'प' आणि 'ब' यांसाठी रेघ एकच असते, पहिल्यासाठी ती बारीक आणि दुसऱ्यासाठी ठळक काढायची. हाताचा दाब चुकला की अक्षरच बदलते, म्हणून मऊ शिशाची पेन्सिल किंवा लवचीक निबेचे पेन यांचा आग्रह धरला जातो. स्वर टिंबांनी आणि छोट्या आडव्या खुणांनी दाखवले जातात, परंतु वेग वाढला की त्या खुणा गाळाव्या लागतात आणि रेखाकृती ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळीला छेदून गेली आहे, एवढ्यावरून स्वर ओळखावा लागतो. 'प्रॉसिक्यूट', म्हणजे खटला चालवणे, आणि 'पर्सिक्यूट', म्हणजे छळ करणे, या दोन शब्दांची व्यंजने सारखीच असल्याने त्यांच्यासाठी मुद्दाम वेगळ्या रेखाकृती ठरवाव्या लागल्या. न्यायालयाच्या कागदावर ही गल्लत झाली तर काय होईल, हे निराळे सांगायला नको. म्हणूनच परीक्षेत गुण मिळतात ते वहीतील रेखाकृतींना नव्हे, तर ठरलेल्या वेळेत केलेल्या लिप्यंतराला, म्हणजे टंकलिखित शुद्ध मजकुराला. काही महिन्यांत अमुक वेग मिळवून देण्याची हमी देणाऱ्या जाहिराती या अर्ध्या भागाविषयी सहसा मौन बाळगतात. स्वतःच्या आठ-दहा दिवसांपूर्वीच्या टिपणांचे न अडखळता वाचन करता येणे, ही वेगाच्या प्रमाणपत्रापेक्षा अधिक विश्वासार्ह कसोटी म्हणता येईल.

इंग्रजी उत्तम असले की पुरे, हा समज उच्च न्यायालयाकडे पाहून झालेला असावा, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार तेथील कामकाज इंग्रजीत चालते. जिल्हा आणि तालुका पातळीवरील न्यायालयांची भाषा मात्र, १९९८ च्या शासकीय अधिसूचनेनुसार, मराठी आहे. तेथे एकाच दिवशी मराठीतली साक्ष आणि इंग्रजीतला निकाल टिपण्याची वेळ येऊ शकते, आणि म्हणून दोन्ही भाषांतील लघुलेखन व संगणक टंकलेखन शिकलेला उमेदवार पुढे राहतो. सरतपासणी म्हणजे साक्षीदार आणणाऱ्या पक्षाने घेतलेली पहिली तपासणी, उलटतपासणी म्हणजे विरुद्ध पक्षाने केलेली छाननी, मुद्देमाल म्हणजे गुन्ह्याशी संबंधित जप्त वस्तू. अशा शब्दांचा अर्थ ठाऊक असेल तर अस्पष्ट ऐकू आलेला शब्दही संदर्भाने ओळखता येतो. त्यासाठी कायद्याची पदवी लागते असे मात्र नाही.

यंत्रामुळे हे काम संपणार, हा समज पूर्णपणे निराधार म्हणता येत नाही. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने युक्तिवादांचे थेट लिप्यंतर प्रथमच करून पाहिले, आणि त्यासाठी निवडलेली सुनावणी महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाचीच होती. केरळ उच्च न्यायालयाने तर १ नोव्हेंबर २०२५ पासून कनिष्ठ न्यायालयांतील साक्षी ध्वनी ओळखणाऱ्या आज्ञावलीने नोंदवण्याचे निर्देश दिले. परंतु युक्तिवादाचे लिप्यंतर आणि साक्षीची नोंद यांत फरक आहे : साक्षीची नोंद पूर्ण झाल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवावी लागते, गरज पडल्यास दुरुस्त करावी लागते, आणि न्यायाधीशाच्या सहीनेच ती अभिलेखाचा, म्हणजे खटल्याच्या अधिकृत कागदपत्रांचा, भाग होते. यंत्राने उतरवलेल्या मजकुरात आडनाव, गट क्रमांक किंवा बोलीतला एखादा शब्द चुकला तर तो त्या सहीच्या आधी कोणाला तरी पकडावा लागतो, आणि सध्या प्रशिक्षण घेणाऱ्यांनी टंकलेखनाबरोबर मुद्रितशोधनाचाही सराव करावा, तो या कारणासाठी.