गेमिंगचा जुना पीसी : भर घालायची की नवाच घ्यायचा?

घरातला गेम खेळायचा पीसी सात-आठ वर्षांचा झाला की एक वाद ठरलेला असतो. मुलगा म्हणतो, "लॅग होतोय, नवा घेऊ या." बाबा म्हणतात, "चालू होतोय ना? मग झालं!" आणि आई विचारते, की बारावीची परीक्षा झाल्यावर बघितलं तर नाही का चालणार? तिघांचंही आपापल्या जागी खरं असतं. पण घराचा हप्ता, क्लासची फी हे सगळं सांभाळून पाऊण लाखाच्या आसपासचा खर्च काढायचा तर तो मुलाच्या हट्टापायी होऊ नये आणि बाबांच्या हट्टापायी अडूही नये. पीसी ही एकसंध वस्तू नाही. सात-आठ सुट्या भागांची ती जुळणी असते, आणि ते सगळे भाग एकाच दिवशी म्हातारे होत नाहीत. त्यामुळे पीसी किती वर्षांचा आहे हा प्रश्न बाजूला ठेवून त्यातलं नेमकं काय अडतंय, ते आधी शोधायचं.

आधी 'लॅग' या शब्दाचा निकाल लावू. मुलं हा एकच शब्द दोन वेगळ्या दुखण्यांसाठी वापरतात. पहिलं दुखणं इंटरनेटचं. आपण बटण दाबलं की तो निरोप गेमच्या सर्व्हरपर्यंत जातो आणि उत्तर परत येतं. या जाण्यायेण्याच्या वेळेला 'पिंग' म्हणतात आणि तो सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. 'व्हॅलोरंट'सारख्या गेमचा सर्व्हर मुंबईत आहे. ठाण्या-कल्याणहून तिथवर निरोप जायला फार वेळ लागायचं कारण नाही. तरीही हा आकडा मधूनच ३० वरून १५० वर उडी मारत असेल, तर बिचाऱ्या पीसीचा दोष नाही. राउटर हॉलमध्ये, पीसी आतल्या खोलीत आणि मध्ये दोन भिंती, अशी आपल्या फ्लॅटमधली नेहमीची स्थिती. राउटरपासून पीसीपर्यंत लॅनची वायर ओढा. काही शे रुपयांत वाद मिटल्याची घरं मी पाहिली आहेत.

दुसरं दुखणं खुद्द यंत्राचं. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं पुरतात, पण गेममध्ये ६० तरी लागतात. पीसीला तेवढी काढता आली नाहीत की खेळ अडखळतो. इथे दोन भागांची जोडी काम करत असते. स्वयंपाकघरात एक जण पोळ्या लाटतो आणि दुसरा भाजतो, तसं. गेममध्ये कोण कुठे पळतंय, गोळी कुणाला लागली, हे प्रोसेसर ठरवतो आणि पुढे सरकवतो. त्याचं चित्र ग्राफिक्स कार्ड काढतं. लाटणाऱ्याचा हात सावकाश चालत असेल तर मोठा तवा आणून काय उपयोग? म्हणजे दुकानात जाण्याआधी, अडतंय ते लाटणाऱ्याशी की तव्याशी, हे कळायला हवं.

त्याची चाचणी घरीच होते. गेम अर्धा तास चालू द्या आणि मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर ग्राफिक्स कार्ड सतत ९५ टक्क्यांच्या वर दिसलं, तर कार्ड कमी पडतंय. ते ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि तरी खेळ अडखळत असेल, तर संशय प्रोसेसरवर घ्यायचा. प्रोसेसरचा एकूण आकडा मात्र फसवतो. त्याचा एकच गाभा पूर्ण राबत असतो, बाकीचे बसून असतात आणि सरासरी ४० टक्के दिसते. म्हणून पक्की परीक्षा अशी, की गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा. खेळाचा वेग वाढला तर कार्ड अपुरं आहे. वेग होता तसाच राहिला तर प्रोसेसर. रॅमही पाहून घ्या. ८ जीबी आता तुटपुंजी पडते. शिवाय एकच मोठी पट्टी लावण्यापेक्षा सारख्या दोन पट्ट्या लावल्या तर रॅम जास्त वेगाने काम देते.

या तपासणीआधी पीसी साफ मात्र झालेला हवा. घोडबंदर रस्त्यालगतची बांधकामाची धूळ आणि पावसाळ्यातली ओल मिळून पंख्यांवर जी गादी तयार होते, ती पाहिल्याशिवाय कळायची नाही. प्रोसेसर तापला की स्वतःला जपण्यासाठी आपणहून वेग कमी करतो. त्याच्यावर लावलेली थर्मल पेस्ट इतक्या वर्षांत वाळून गेलेली असते. ब्लोअरने धूळ काढायची, त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, आणि नवी पेस्ट लावायची. एवढं करून समाधान झालं तर उत्तमच.

नाही झालं, तर खरा प्रश्न येतो. समजा, एकाच सोसायटीतल्या दोन घरांनी २०१७ साली पीसी जुळवून घेतले. एका घरात इंटेलचा आय फाइव्ह ७५००, दुसऱ्या घरात एएमडीचा रायझन फाइव्ह १६००. दोन्हींत त्या काळचं लोकप्रिय जीटीएक्स १०६० कार्ड. तेव्हा दोन्ही घरं सारखीच खूश होती. आज त्यांना एकच सल्ला देता येणार नाही.

इंटेलच्या घराचा रस्ता लवकर संपला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात इंटेलने आठव्या पिढीचे प्रोसेसर आणले. बसायच्या खाचेचं नाव तेच, ११५१, पण जुन्या मदरबोर्डवर ते चालत नाहीत. त्या बोर्डवर चढून चढून सातव्या पिढीच्या आय सेव्हनपर्यंतच जाता येतं. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे, त्यामुळे तिथेही दार बंद. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ज्या पीसीवर बाबा बँकेचे व्यवहारही करतात, तिथे सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणं ही बाब गेमपेक्षा गंभीर आहे. या घराने जुन्या बोर्डसाठी वापरलेला आय सेव्हन शोधत फिरू नये.

एएमडीच्या घराचं नशीब वेगळं. त्यांची एएम ४ ही खाच कंपनीने वर्षानुवर्षं चालू ठेवली आणि २०२२ साली तर २०१७ च्या बोर्डांनाही ५००० मालिकेचे प्रोसेसर घेण्याची मुभा दिली. म्हणजे बोर्ड तोच, रॅम तीच, फक्त प्रोसेसर बदलायचा. रायझन फाइव्ह ५६०० बसवला की वेगात मोठा फरक पडतो आणि विंडोज ११ च्या यादीतही जागा मिळते. अट एकच. जुना प्रोसेसर काढण्याआधी बोर्डाच्या बायॉसची नवी आवृत्ती चढवून घ्यायची. या पाच-दहा मिनिटांत वीज गेली तर बोर्ड मुका होऊ शकतो. आपल्याकडची वीज कधी डोळा मारेल याचा नेम नाही, तेव्हा हे काम यूपीएसवरच करा.

कार्ड मात्र दोन्ही घरांचं थकलेलं आहे. एनव्हिडियाने जीटीएक्स १००० मालिकेसाठी नव्या गेमनुसार सुधारलेले ड्रायव्हर देणं २०२५ साली थांबवलं. शिवाय काही नवे गेम आता रे ट्रेसिंगची सोय असलेलं कार्डच मागतात. २०२४ च्या डिसेंबरात आलेला 'इंडियाना जोन्स' आणि २०२५ चा 'डूम' हे त्यांतले. पण तुमचा मुलगा खेळतो काय, ते बघा. तो रोज व्हॅलोरंटच खेळत असेल, तर हे कार्ड अजून काही काळ रेटता येईल. आणि केवळ 'जीटीए सिक्स' येणार म्हणून आतापासून पीसी घेऊन ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की तो गेम जाहीर झाला तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी. त्या घोषणेत पीसीचं नाव नव्हतं, आणि २०२५ या एका वर्षात त्याची तारीख दोनदा पुढे गेली.

आता पैशाचं. मी भागांची दोन गटांत वाटणी करतो. काही भाग उद्या नवा पीसी घेतला तरी सोबत येतात : एसएसडी, चांगला एसएमपीएस, मॉनिटर, कॅबिनेट, आणि बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डही. काही भाग मात्र जुन्या बोर्डाबरोबरच अडकतात, म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम. डीडीआर ४ ची रॅम डीडीआर ५ च्या बोर्डात बसत नाही. पहिल्या गटावरचा पैसा बिनधास्त खर्च करावा. दुसऱ्या गटावर खर्च करताना एएमडीच्या घरासारखी पुढे वाट आहे का ते पाहावं. हार्ड डिस्कवरच चालणाऱ्या पीसीला एसएसडी आधी लावा; गेम उघडायला लागणारा वेळ कमी होतो, आणि 'स्टारफील्ड'सारखे २०२३ पासूनचे काही गेम तर एसएसडीच मागतात. सेकंदाला चित्रं मात्र तिने वाढणार नाहीत, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

एसएमपीएसकडे फार कमी लोक लक्ष देतात. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यावर ५०० वॉट लिहिलेलं असतं, त्यावर माझा विश्वास नाही. नवं कार्ड घ्यायचं तर आधी नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस घ्या. घरातला यूपीएसही तपासा. आपल्याकडे सर्रास असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो. आरटीएक्स ३०६० हे एकटं कार्ड १७० वॉट खातं; त्यात प्रोसेसर आणि मॉनिटर धरले की वीज जाताच यूपीएसही पीं करून मान टाकतो. पीसीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कार्डाचे पैसे बाजूला ठेवा आणि वायरमन बोलावून आधी अर्थिंग करून घ्या. जुन्या इमारतींत हे अजून दिसतं.

इंटेलच्या घराने मग नवा घ्यावा का? माझा ढोबळ हिशेब असा, की भर घालायचा खर्च नव्या पीसीच्या निम्म्यावर गेला तर भर घालू नये. पण २०२५ च्या अखेरीस या हिशेबात एक भानगड झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची प्रचंड मागणी आली, रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीहून वर गेले आणि मायक्रॉनने तर 'क्रुशल' या नावाने घरगुती ग्राहकांना रॅम विकणंच बंद करण्याचं जाहीर केलं. नवा पीसी म्हणजे नवी रॅम आलीच, म्हणून आजचा भाव विचारूनच आकडे मांडा. रॅम महाग असेल तर या घराने एएम ४ चा बोर्ड आणि प्रोसेसर घेऊन आपली डीडीआर ४ रॅम वापरत राहणं हा मधला मार्ग आहे. त्यात आणखी वर चढायला जागा नाही, पण तीन-चार वर्षं सहज निघतात आणि बारावीही पार पडते.

खरेदीसाठी लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, अजून तिथेच आहे. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं. तिथला भाव आपल्या स्टेशनजवळच्या दुकानात सांगून पाहा. फरक थोडा असेल तर जवळचं दुकान बरं, कारण बिघाड झाल्यावर लोकलमधून कॅबिनेट कोण नेणार? न्यावंच लागलं तर जड ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं बांधा, हिसक्याने खाच तुटते. 'बिल नको असेल तर कमी करतो' असं कुणी म्हटलं तर १८ टक्के जीएसटी वाचल्याचा आनंद मानू नका. वॉरंटीच्या वेळी बिल मागितलं जातं. वापरलेलं कार्ड घेताना ते लावून अर्धा तास गेम चालवून पाहा. इथेरियमचं मायनिंग २०२२ च्या सप्टेंबरात बंद पडल्यावर रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डं बाजारात आली, आणि ती अजून हातोहात फिरतात.

आणि जुना बोर्ड, प्रोसेसर, रॅम असा संच एकत्रच विका, सुटा विकला तर कमी येतात. जे विकलं जाणार नाही ते भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. डिस्क मात्र काढून घरीच ठेवा. तिच्यात बाबांच्या बँकेची स्टेटमेंटं, आधार कार्डांच्या प्रती आणि सगळ्यांचे फोटो असतात, आणि नुसतं डिलीट केल्याने ते जात नाहीत.